नाव त्यांचे, पैसे आपले: नागपुरातील एका 'लेखक सहभाग योजने'चे परीक्षण

निवृत्तीनंतर दोन वर्षे खपून मी एक पुस्तक लिहिले आणि गेल्या वर्षी ते नागपुरातील एका प्रकाशन संस्थेच्या 'लेखक सहभाग योजने'तून काढले. हे परीक्षण पुस्तकाचे नाही, त्या योजनेचे आहे. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण याच साच्यातील योजना शहरात आणखी काही जण चालवतात, त्यांच्या अटींचे कागद एकमेकांवरून उतरवून घेतल्यासारखे दिसतात, आणि एकाच्या नावाने बोटे मोडल्याने पुढच्या ग्राहकाचे काही वाचेल असे मला वाटत नाही.

आधी हिशेब. पुस्तक १९२ पानांचे, डेमी आकाराचे, म्हणजे सोळा पानी बारा फॉर्मचे. विषय ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या नोकरीत काटोल, नरखेड, भिवापूर या भागांत काढलेल्या बत्तीस वर्षांचा. संस्थेने ५८,००० रुपये घेतले, ३०० प्रती छापल्याचे सांगितले, त्यांतील १०० मला दिल्या आणि २०० विक्रीसाठी स्वतःकडे ठेवल्या. त्यापूर्वी ओळखीच्या एका छापखान्यातून मी दर काढला होता. तेवढ्याच प्रती आणि तोच कागद, अक्षरजुळणी व मुखपृष्ठ धरून, त्याने ३१,००० सांगितले होते. फरक २७,००० रुपयांचा. आयुष्यभर निविदांचे तुलनात्मक तक्ते केलेल्या माणसाने एवढा फरक कशाचा, हे विचारायला हवे होते. मी विचारले नाही, कारण उत्तर मला ठाऊक होते. पुस्तकाच्या कण्यावर खालच्या बाजूला त्यांचे बोधचिन्ह आणि नाव येणार होते. छापखान्यातून काढले असते तर त्या जागी 'प्रकाशक' म्हणून माझ्या पत्नीचे नाव आले असते. घरचे प्रकाशन लोक लग्नपत्रिकेसारखे स्वीकारतात, दोन्ही हातांनी आणि न उघडता, अशी माझी समजूत होती. तेव्हा २७,००० रुपयांना मी एक नाव विकत घेतले, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल, आणि त्या नावाने काय काम केले एवढेच मला येथे तपासायचे आहे.

निर्मितीबद्दल मोठी तक्रार नाही. मुखपृष्ठावरचा गंजलेला हातपंप पाहून माझ्या जुन्या खात्यातले लोक हळवे झाले, कागद डोळ्यांना त्रास न देणारा किंचित पिवळसर होता, आणि प्रती समारंभाच्या चार दिवस आधी घरी पोहोचल्या, ही गोष्ट या धंद्यात किती दुर्मीळ आहे हे समारंभाच्या दिवशी छापखान्याच्या दारात उभे राहिलेल्या लेखकांना विचारावे. बांधणी मात्र नुसती डिंकाची, बिनशिवणीची. तिसऱ्यांदा उघडल्यावर माझ्या स्वतःच्या प्रतीतले ११३ वे पान हातात आले. कार्यालयातील माणसे बोलायला अत्यंत सौजन्यशील होती आणि पैसे भरून झाल्यावरही ती तशीच राहिली, याची नोंद करणे न्याय्य ठरेल.

खरी उणीव पहिल्याच आठवड्यात दिसायला हवी होती. हस्तलिखित दिल्यापासून चौथ्या दिवशी मला स्वीकृतीचे पत्र आले. पन्नास हजारांच्या आसपास शब्द चार दिवसांत कोणी वाचले, हा प्रश्न मनात आला तोवर पत्रातील 'आपले लेखन अत्यंत मौलिक असून' हे शब्द वाचून मी पेढे आणायला निघालो होतो. योजनेच्या कागदावर 'संपादन' असा एक रकाना होता आणि त्यापुढे बरोबरची खूणही होती. प्रत्यक्षात माझ्याकडे मुद्रितांचा, म्हणजे प्रुफांचा, एक गठ्ठा आला आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्यांपलीकडे कोणाच्याही पेन्सिलीची खूण नव्हती. भिवापूरकडच्या एका विहिरीला पाणी लागल्याचा प्रसंग मी तिसऱ्या प्रकरणात एकदा आणि नवव्यात पुन्हा एकदा सांगितला आहे, आणि दोन्हीकडे वर्षे वेगळी आहेत, हे संस्थेतील कोणाच्याच लक्षात आले नाही. ते लक्षात आणून दिले माझ्या हाताखाली काम केलेल्या एका मिस्त्रीने. त्याने फोनवर पहिले वाक्य उच्चारले ते हे: "साहेब, पुस्तक मस्त आहे, पन त्या विहिरीले पानी एक्याण्णवले लागलं का चौऱ्याण्णवले?"

मराठीत प्रकाशकाच्या नावाला जे वजन आले, ते छापलेल्या पुस्तकांइतकेच परत पाठवलेल्या हस्तलिखितांमुळे आले. 'साभार परत' हे दोन शब्द आपल्या भाषेत जवळजवळ एक साहित्यप्रकार होऊन बसले आहेत. गिरगावातल्या खटाववाडीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांच्या हाताखालून 'सत्यकथा' मासिकासाठी किंवा मौज प्रकाशनाच्या पुस्तकासाठी गेलेले लेखन लेखकाला अनेकदा पुन्हा लिहावे लागे, आणि ते केल्यावरही स्वीकारले जाईलच याची हमी नसे. म्हणूनच मौजेचे चिन्ह असलेले अनोळखी लेखकाचे पुस्तक वाचक उघडून पाहत, कारण आपल्या आधी कोणीतरी ते डोळ्यांत तेल घालून वाचले आहे, हे त्यांना ठाऊक असे. राज्य शासन दरवर्षी एका प्रकाशन संस्थेला जो पुरस्कार देते त्याला श्री. पु. भागवतांचे नाव आहे. तो पुरस्कार लेखकाला नसून संस्थेला मिळतो, हे मला अर्थपूर्ण वाटते.

या नकाराची दुसरी बाजू सांगितली नाही तर माझे म्हणणे भाबडे ठरेल. त्याच 'सत्यकथे'ची १९६९ मध्ये तरुण लेखकांनी जाहीर होळी केली, कारण दार राखणाऱ्याच्या अभिरुचीत न बसणारे लेखन बाहेरच राहत होते असे त्यांचे म्हणणे होते. आणि नागपुरात जन्मलेल्या गंगाधर पानतावण्यांना 'अस्मितादर्श' हे नियतकालिक औरंगाबादहून चालवावे लागले ते प्रस्थापितांच्या अंकांत दलित लेखकांना पुरेशी जागा नव्हती म्हणूनच. ज्याला नकार देता येतो तो चुकीचा नकारही देतो. पण माझ्या योजनेत नकाराची सोयच नव्हती. ५८,००० रुपयांचा धनादेश वटला की पुस्तक मौलिक होते.

आता दुकानदाराची गोष्ट. सीताबर्डीवर मी कॉलेजच्या दिवसांपासून ज्या दुकानात पुस्तके घेतो, तेथे पाच प्रती घेऊन गेलो. संस्थेने 'सर्व प्रमुख विक्रेत्यांकडे उपलब्ध' असे आश्वासन दिले होते. या विक्रेत्याकडे सात महिन्यांत एकही प्रत पोहोचली नव्हती. त्याने पुस्तक हातात घेतले आणि मुखपृष्ठाकडे न पाहता सरळ कणा पाहिला. नाव वाचल्यावर त्याचा चेहरा जसा होता तसाच राहिला, ना खुलला ना पडला. मग म्हणाला, "दादा, ठेवून घेतो, तुमचं आहे म्हणून. पण यांचे महिन्याला पंधरावीस पुस्तकं निघून राहिले. कोन्तं पाहू आनि कोन्तं दाखवू गिऱ्हाइकाले?" पुढे त्याने जे सांगितले ते मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा उपयोगी वाटले. मेहतांचे म्हटले की गिऱ्हाईक अनुवाद शोधते, राजहंसचे म्हटले की काही विषयाचे, माहितीचे पुस्तक असेल असे धरून चालते, पॉप्युलरचा कवितासंग्रह कवीचे नाव माहीत नसले तरी दोन मिनिटे चाळला जातो. म्हणजे नाव हे गिऱ्हाइकासाठी कपाटाचा पत्ता असते. ज्या नावाखाली ज्योतिष, गझल, मधुमेहावरील आहार, निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणी आणि पोलीस भरतीचे प्रश्नसंच एकाच महिन्यात निघतात, त्या नावाने वाचकाला काहीच सांगितले जात नाही. मी विकत घेतलेले नाव नेमके असे होते.

वाचकांविषयी मात्र माझी समजूत दोन्ही बाजूंनी चुकली. काटोल-नरखेडच्या ज्या माणसांवर मी लिहिले, त्यांच्यापैकी एकानेही प्रकाशक कोण हे विचारले नाही. त्यांनी आपले गाव कोणत्या पानावर आहे ते शोधले, आपल्या वडिलांचे नाव बरोबर लिहिले आहे का ते पाहिले, आणि मग वाचायला घेतले. विचारले ते शहरातल्या साहित्यिक मंडळींनी. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाच्या संकुलात एका कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी मी तीन परिचितांना प्रती दिल्या, आणि तिघांचाही पहिला प्रश्न 'कोणी काढलं?' हाच होता. उत्तर ऐकल्यावर एकाने 'अच्छा, अच्छा' म्हणत पुस्तक पिशवीत सरकवले. त्या दोन 'अच्छां'तला अर्थ नागपूरकराला समजावून सांगण्याची गरज नाही. माझ्या पत्नीचे नाव प्रकाशक म्हणून असते तरी ते असेच म्हणाले असते, मग २७,००० कशाला गेले, असा हिशेब मी परतीच्या मेट्रोत केला.

आपल्या शहराची ही खोड जुनी आहे. ग्रेस नागपुरात राहिले आणि त्यांच्या 'संध्याकाळच्या कविता' १९६७ मध्ये मुंबईच्या पॉप्युलरने काढल्या. महेश एलकुंचवार नागपुरात बसून लिहीत आले आणि त्यांची पुस्तके मौजेकडे गेली. त्यात त्यांचे काही चुकले असे कोणी म्हणणार नाही. पण त्यामुळे येथल्या प्रत्येक होतकरू लेखकाच्या मनात चांगले पुस्तक बोरीबंदरला उतरूनच यायला हवे अशी एक अढी बसली आहे, आणि ज्याला मुंबई-पुण्याचे दार उघडत नाही तो स्थानिक योजनेपुढे पैसे घेऊन उभा राहतो. नाव पाहूनच पुस्तक तोलणाऱ्यांनी दोन गोष्टी आठवाव्यात. 'कोसला' १९६३ मध्ये प्रथम निघाली ती पुण्याच्या देशमुख आणि कंपनीकडून. आजच्या वाचकाला ती पॉप्युलरच्या चिन्हासह भेटते, पण कादंबरी तीच आहे. आणि अरुण कोलटकरांच्या कविता १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आल्या त्या अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाकडून. प्रास म्हणजे पगारी संपादकांची फळी, वितरकांचे जाळे, जाहिराती असे काही नव्हते. एका माणसाचे कान आणि मुद्रणाची जाण एवढ्यावर ते उभे होते. तरीही जाणत्या वाचकाला ते नाव पुरे झाले. लहान प्रकाशक असणे ही उणीव नसते, हे मला यावरून पटते. आपल्याला काय काढायचे नाही हे ठरलेले नसणे ही उणीव असते.

नाव पाहून पुस्तक घेणारा सामान्य वाचक मला सापडला तो अनपेक्षित ठिकाणी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांची जी दुकाने लागतात, तेथे मी बरीच वर्षे जातो. तेथे खेड्यातून आलेला, डोक्यावर गाठोडे घेतलेला माणूस बाबासाहेबांचा ग्रंथ उचलतो, पहिली दोन पाने उलटतो आणि 'हे सरकारी आहे का?' असे विचारतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेल्या, आणि पुष्कळ वर्षे नागपूरच्याच वसंत मून यांनी संपादिलेल्या इंग्रजी खंडांविषयी त्याच्या मनात खात्री असते की येथे शब्दाला शब्द असेल, कोणी मधलेच गाळले नसेल आणि किंमतही वाजवी असेल. साहित्य संघातील चहापेक्षा ही चौकशी मला अधिक मोलाची वाटते, कारण विचारणाऱ्याला त्या नावाकडून प्रतिष्ठा नको असते, पाठाची हमी हवी असते.

नावासाठी पैसे मोजणाऱ्यांचा आणखी एक वर्ग योजनेच्या कार्यालयात भेटला, तो प्राध्यापकांचा. त्यांचे गणित माझ्यापेक्षा सरळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील तक्त्यात आंतरराष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथाला १२ गुण, राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला १० आणि संपादित ग्रंथातील एका प्रकरणाला ५ गुण मिळतात. पदोन्नतीच्या फाइलीत पुस्तक कोणी वाचले हा रकाना नाही, कोणी काढले हा आहे. त्यामुळे माझ्या शेजारी बसलेल्या एका प्राध्यापकांनी मुद्रिते न पाहताच सही केली आणि मला मात्र तीन तास अनुस्वार तपासताना पाहून त्यांना थोडी दया आली असावी.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासाठी, योजनेत वेगळे २,००० रुपये लावले होते, आणि त्याविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. भारतात हा तेरा आकडी क्रमांक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, आणि स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही अर्ज करता येतो. अर्ज भरण्याची मजुरी म्हणून कोणी पैसे घेतले तर घ्यावेत, पण पावतीवर 'आयएसबीएन शुल्क' लिहू नये. शिवाय क्रमांक म्हणजे दर्जाचे प्रमाणपत्र नव्हे. त्यातील आकडे पुस्तक कोणत्या भाषा-प्रदेशातले, कोणत्या प्रकाशकाचे आणि कितवे, एवढेच सांगतात. आमच्या समारंभात एका वक्त्याने 'या ग्रंथास आंतरराष्ट्रीय मानांकन प्राप्त झाले आहे' असे सांगितले आणि टाळ्याही पडल्या. मी खाली मान घालून बसलो होतो.

ज्या दोन कामांसाठी प्रकाशकाचे नाव खरोखर लागते, ती दोन्ही राहून गेली. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत प्रकाशनापासून तीस दिवसांत, स्वखर्चाने, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. पोच मागितली तेव्हा समोरच्या मुलीने 'सर, तुम्हाला पाठवायचं असेल तर पत्ते देते' असे सांगितले. दुसरे काम शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी ग्रंथालय संचालनालयाकडे पुस्तक वेळेत सादर करण्याचे. तालुक्याच्या, गावच्या ग्रंथालयांना खरेदी करताना त्या यादीचा आधार असतो, आणि पाणीपुरवठ्यावरचे माझे पुस्तक शहरातील दुकानापेक्षा अशा ग्रंथालयातच वाचले जाण्याची शक्यता होती. मुदत टळून गेल्यावर मला तिच्याविषयी कळले.

करारनामा तीन पानी होता आणि मी तो, शासकीय नोकरीत असंख्य करार वाचलेल्या माणसाने, चहा पीत वाचला. त्यात हक्क किती काळासाठी दिले याचा उल्लेख नव्हता. आतल्या पानावर मात्र 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' असे छापून आले. नंतर एका वकील मित्राने १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ दाखवले: हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. पाच वर्षांनी पुस्तक पुन्हा माझे होईल, एवढा दिलासा कायद्याने दिला. तो दिलासा करारात नव्हता.

ही योजना कोणी घ्यावी? वडिलांच्या पंच्याहत्तरीला आठवणींचे पुस्तक काढून ते शंभर आप्तांत वाटायचे असेल आणि छापखान्याचे हेलपाटे टाळायचे असतील, तर अवश्य घ्यावी; काम वेळेवर आणि नीटनेटके होईल. अनोळखी वाचकाने आपले पुस्तक उचलावे अशी इच्छा असेल तर घेऊ नये. त्यापेक्षा हस्तलिखित एखाद्या निवड करणाऱ्या प्रकाशकाकडे पाठवून दीड-दोन वर्षे वाट पाहावी, पहिलेच पुस्तक असेल तर साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी करावी, किंवा सरळ छापखान्यात जाऊन पत्नीचे नाव अभिमानाने छापावे आणि उरलेल्या २७,००० तील निम्मे पैसे एखाद्या चांगल्या संपादकाला द्यावेत. पाचपैकी गुण द्यायचे तर मी दोन देईन, एक मुखपृष्ठाला आणि एक वेळेला.

तेरा महिन्यांनी, दोन स्मरणपत्रांनंतर, विक्रीचा हिशेब आला. ३७ प्रती विकल्या गेल्या. ३०० रुपये किमतीवर दहा टक्क्यांप्रमाणे माझे मानधन १,११० रुपये. सोबतच्या पत्रात उरलेल्या १६३ प्रती लेखकाने ४० टक्के सवलतीत, म्हणजे १८० रुपयांस एक याप्रमाणे, उचलाव्यात असे सौजन्यपूर्वक सुचवले होते. ज्यांचा खर्च मीच दिला होता त्याच प्रती मला सवलतीत मिळत होत्या. भिवापूरकडच्या दोन शाळांनी पुस्तक मागितले होते म्हणून मी वीस प्रती घेतल्या, आणि शाळांना देण्यापूर्वी प्रत्येक प्रतीतील तिसऱ्या प्रकरणात १९९१ खोडून पेनाने १९९४ केले.